मृतांची आगगाडी आणि वोकिंगचा माळ : ब्रुकवुड दफनभूमीचा इतिहास

१८०१ साली लंडनची वस्ती दहा लाखांच्या आसपास होती. १८५१च्या खानेसुमारीत ती साडेतेवीस लाखांच्या पुढे गेली. राहणाऱ्यांसाठी शहर चारी दिशांना पसरत होते, पण मेलेल्यांच्या वाट्याला मात्र चर्चभोवतालची तीच जुनी अंगणे होती. एका खड्ड्यात पेटीवर पेटी रचायची आणि जागा संपली की खालच्या पेट्या फोडून हाडे बाजूला सारायची, असा शिरस्ताच पडला होता. ईनन चॅपल नावाच्या एका प्रार्थनागृहाच्या तळघरात हजारो प्रेते कोंबलेली सापडली, आणि त्यांच्या डोक्यावर दर रविवारी मंडळी भजने म्हणत होती. डॉक्टर जॉर्ज वॉकर यांनी १८३९मध्ये या अंगणांची पाहणी छापली. एडविन चॅडविक यांनी १८४३मध्ये सरकारी अहवाल दिला. अहवाल वाचून हळहळणे झाले, पुढे काही हलले नाही. १८४८-४९च्या पटकीने चौदा हजारांहून अधिक लंडनकर नेले, तेव्हा कुठे पार्लमेंटला जाग आली.

तोवर खासगी कंपन्यांनी शहराच्या कडेला सात बागवजा दफनभूम्या काढल्या होत्या. १८३३ची केन्सल ग्रीन ही त्यांतली पहिली. झाडी, वळणदार वाटा, संगमरवरी स्मारके असा त्यांचा थाट होता, पण दर परवडणार तो ऐपतदारांनाच. शिवाय लंडन ज्या वेगाने वाढत होते, त्या हिशेबाने ही कडही लवकरच शहराच्या पोटात जाणार हे उघड होते. म्हणून शहर कधीच पोहोचणार नाही इतक्या लांब, आणि एकदाची कायमची, अशी एक प्रचंड दफनभूमी काढावी ही कल्पना पुढे आली. ती मांडली सर रिचर्ड ब्राउन आणि रिचर्ड स्प्राय या दोघांनी. ब्राउन हा बॅरोनेट या वंशपरंपरागत किताबाच्या मंडळींच्या मानपानासाठी आयुष्यभर अर्ज लिहिणारा विक्षिप्त गृहस्थ. पण एक गोष्ट त्याने बरोबर हेरली होती. लंडनहून साउथॅम्प्टनला जाणारा रेल्वेमार्ग सरे परगण्यातल्या वोकिंगच्या माळावरून जात होता, आणि तो माळ शेतीच्या दृष्टीने कवडीमोलाचा होता. वाळूमिश्रित जमीन, पाणी ठरत नाही, उगवते ते फक्त झुडूप. दफनासाठी याहून चांगली जमीन शोधून सापडली नसती.

३० जून १८५२ रोजी पार्लमेंटच्या खास कायद्याने ‘लंडन नेक्रॉपोलिस अँड नॅशनल मॉसोलियम कंपनी’ स्थापन झाली. ऑन्स्लो सरदारांकडून दोन हजार एकरांहून अधिक जमीन घेतली गेली. गावकऱ्यांचा त्या माळावर गुरे चारण्याचा आणि सरपण तोडण्याचा हक्क होता, त्याची भरपाई द्यावी लागली. संचालकांच्या आपसातल्या भांडणात ब्राउन आणि स्प्राय दोघेही उद्घाटनाआधीच बाहेर फेकले गेले. संस्था कुणी काढली आणि फोटोत कोण आले, हा प्रश्न आपल्याकडच्या कार्यकारिणीवाल्यांना नवा नाही. वास्तुरचनेचे काम सर विल्यम टाइट आणि सिडनी स्मर्क या नामांकितांकडे गेले. ७ नोव्हेंबर १८५४ रोजी विंचेस्टरच्या बिशपांनी अँग्लिकनांच्या वाट्याची जमीन पवित्र करून घेतली आणि १३ नोव्हेंबरपासून दफनविधी सुरू झाले. त्या वेळी ही जगातली सर्वांत मोठी दफनभूमी होती. पहिले दफन कुणा लॉर्डाचे झाले नाही. साउथवार्कमधल्या एका निर्धन जोडप्याची मृत जन्मलेली जुळी मुले ब्रुकवुडच्या मातीत सर्वांत आधी गेली.

आता त्या आगगाडीविषयी. ब्रुकवुड म्हटले की इंग्लंडात आजही लोकांना आधी ती आठवते.

वॉटर्लूला लागूनच कंपनीचे स्वतःचे स्थानक होते. तिथून शवपेट्या आणि आप्तेष्ट यांना घेऊन खास गाडी निघे, मुख्य मार्गाने सुमारे चाळीस किलोमीटर जाई आणि मग फाट्यावरून थेट दफनभूमीच्या आत शिरे. आत दोन स्थानके होती. उत्तरेचे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या सर्वांसाठी आणि दक्षिणेचे अँग्लिकनांसाठी. गाडीतही तीच विभागणी, आणि तिच्या पोटात पुन्हा पहिला, दुसरा, तिसरा वर्ग. वर्ग जिवंतांना होते तसे मृतांनाही होते. जिवंतांना परतीचे तिकीट पहिल्या वर्गाला सहा शिलिंग, तिसऱ्याला दोन शिलिंग. पेटीला पहिल्या वर्गात एक पौंड, तिसऱ्यात अडीच शिलिंग, आणि अर्थात एकेरी. लंडनचे बिशप ब्लूमफील्ड यांनी आधीच शंका काढली होती की रेल्वेची धांदल आणि अंत्यविधीचे गांभीर्य यांचा मेळ बसायचा नाही, आणि सभ्य गृहस्थाची पेटी एखाद्या दुराचाऱ्याच्या पेटीशेजारून जावी हे त्याच्या आप्तांना रुचणार नाही. कंपनीने या आक्षेपाची सोय डब्यांत आडभिंती घालून केली.

ही वर्गवारी वाचताना आज हसू येते, पण आपल्या गावांतली जातवार मसणवटी आठवली की ते फार टिकत नाही.

भाडे कायद्यानेच बांधलेले होते, ते वाढवण्याची कंपनीला मुभा नव्हती. साध्या गाडीचे भाडे चढत गेले आणि मृतांची गाडी स्वस्त राहिली. परिणाम असा की परिसरातल्या मैदानावर गोल्फ खेळायला जाणारे काही चतुर लंडनकर काळे कपडे घालून शोकाकुल चेहऱ्याने याच गाडीत बसत, असे सांगतात. दफनभूमीच्या स्थानकांवर चहापाण्याची सोय होती. विधी उरकला, दोन घास खाल्ले, दुपारच्या गाडीने परत. घरून निघून घरी पोचेपर्यंत एक दिवस. शहरातल्या मजुराला त्याहून जास्त रजा मिळणार नव्हती, हे कंपनीने ओळखले होते.

कंपनीचा खरा मोठेपणा मात्र गाडीत नव्हता, तो एका नियमात होता. ब्रुकवुडमध्ये प्रत्येक मृताला स्वतंत्र खड्डा मिळत असे. पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाच्या, खर्चाने पुरल्या जाणाऱ्या निर्धनांनाही. लंडनच्या इतर दफनभूम्यांत गरिबांसाठी खोल सामाईक खड्डे असत आणि ते भरेपर्यंत उघडेच राहत. इथे तिसऱ्या वर्गाच्या मृतावर कायमचा दगड उभारता येत नसे, हा भेद होताच. पण पुढे चार पैसे जमले तर कुटुंबाला फरकाची रक्कम भरून ती जागा कायमची करून घेता येई. अनेक पॅरिशांनी कंपनीशी करार केले, आणि सुरुवातीच्या काळातल्या दफनांमध्ये मोठा वाटा या निर्धनांचाच होता. म्हणून ब्रुकवुडच्या हिरवळीवर फिरताना जिथे काहीच दिसत नाही तिथेच सर्वांत जास्त माणसे आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते.

बागेविषयी चार शब्द. जॉन लाउडन यांनी १८४३च्या आपल्या पुस्तकात दफनभूमीची आखणी आणि लागवड कशी असावी हे बारकाईने मांडले होते. सदाहरित, उभ्या वाढणारी झाडे लावावीत, म्हणजे पाला पडून कुजत नाही आणि जमिनीवर ऊन-वारा खेळतो, असे त्यांचे म्हणणे. ब्रुकवुडच्या माळ्यांनी तेच धोरण धरले. कॅलिफोर्नियातल्या राक्षसी सिकोया वृक्षाचे बी १८५३मध्ये इंग्लंडला आले. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नावावरून इंग्रजांनी त्याला वेलिंग्टोनिया म्हणायला सुरुवात केली होती. त्याची रोपे इतकी महाग आणि नवलाईची असताना कंपनीने ती रस्त्यांच्या दुतर्फा ओळीने लावली. इंग्लंडमधल्या या झाडांच्या सर्वांत जुन्या ओळींत ब्रुकवुडची गणना होते. आज त्यांचे तांबूस, भुसभुशीत सालीचे बुंधे दोघातिघांच्या कवेत मावत नाहीत. त्याखेरीज पाइन, अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन, आणि मोकळ्या जागी मूळ माळावरचे जांभळे हेदर. मे-जूनमध्ये जावे.

धंदा म्हणून पाहिले तर कंपनी फसली. संस्थापकांनी वर्षाला दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दफने होतील असे आकडे मांडले होते. प्रत्यक्षात १८५४ ते १९४१ या सत्त्याऐंशी वर्षांत मिळून दोन लाखांच्या थोडी वर झाली, म्हणजे सरासरी वर्षाला तेवीसशेच्या आसपास. नगरपालिकांनी आपापल्या दफनभूम्या काढल्या आणि इतक्या लांब येण्याची गरज उरली नाही. १८५५मध्येच कंपनीने जादा जमीन विकण्याची परवानगी देणारा दुसरा कायदा करून घेतला. आजचे वोकिंग शहर बऱ्याच अंशी त्या विकलेल्या जमिनीवर उभे आहे. मृतांसाठी राखलेला माळ जिवंतांनी घेतला, उलटे झाले.

उत्पन्नाच्या इतर वाटाही कंपनीने धुंडाळल्या. लंडनमध्ये रेल्वे, रस्ते, इमारती यांसाठी जुनी अंगणे उकरली जात होती आणि तिथले अवशेष हलवण्याचे कंत्राट तिला मिळे. १८६०च्या दशकात साउथवार्कमधल्या एकाच जागेतून जवळजवळ आठ हजार मृतांचे अवशेष ब्रुकवुडला आले. १८७८मध्ये सर हेन्री थॉम्सन यांच्या क्रिमेशन सोसायटीने जवळच एक एकर जागा कंपनीकडून घेऊन दहनगृह बांधले. पुढच्या वर्षी एका घोड्याचे प्रेत जाळून भट्टी तपासली, तर गावात गहजब झाला आणि गृहमंत्र्यांनी मनाई केली. १८८४मध्ये वेल्सच्या डॉक्टर प्राइस यांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्टीफन यांनी दहन हा गुन्हा नाही असा निकाल दिला. त्यानंतर २६ मार्च १८८५ रोजी तिथे पहिले दहन झाले. फ्रीडरिक एंगेल्स यांचेही दहन १८९५ साली इथलेच.

ब्रुकवुडमधल्या नामवंतांची यादी लांबलचक आहे, ती देत नाही. चित्रकार जॉन सिंगर सार्जंट तिथे आहेत. एडिंबरोत खून पाडून आणलेली प्रेते विच्छेदनासाठी विकत घेतल्याने बदनाम झालेले शरीरशास्त्रज्ञ रॉबर्ट नॉक्सही तिथेच आहेत, आणि त्यांना कुणी उकरले नाही. पण एका अंत्ययात्रेचे सविस्तर सांगायला हवे, कारण तिला आपला एक माणूस हजर होता.

चार्ल्स ब्रॅडलॉ हे इंग्लंडमधले सर्वांत गाजलेले नास्तिक. ईश्वराच्या नावाने शपथ घेण्याच्या वादावरून त्यांना वर्षानुवर्षे पार्लमेंटबाहेर ठेवले गेले होते. हिंदुस्थानच्या प्रश्नांवर ते इतके बोलत की त्यांना ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणत. डिसेंबर १८८९मध्ये मुंबईला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाला ते आजारातून उठून आले होते. ३० जानेवारी १८९१ रोजी ते गेले. वॉटर्लूहून खास गाड्या सोडाव्या लागल्या. ब्रुकवुडमध्ये कुठल्याही धार्मिक विधीवाचून, एकही भाषण न करता त्यांना मातीत ठेवले गेले. लंडनमध्ये असलेला जवळजवळ प्रत्येक हिंदी माणूस त्या दिवशी तिथे गेला होता, आणि त्यांत कायद्याचा अभ्यास करणारा एकवीस वर्षांचा मोहनदास गांधीही होता. परतीच्या गाडीची वाट पाहताना स्थानकावर एका कट्टर नास्तिकाने एका पाद्र्याला गाठले आणि पृथ्वीचा घेर अमुक इतका, तर तुमचा देव केवढा आणि कुठे आहे, असे छेडले. पाद्री म्हणाला, तो आपल्या दोघांच्याही हृदयात आहे, आणि गप्प बसला. गांधींनी ही हकिगत आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे आणि त्या दिवशी नास्तिकतेविषयीची आपली नावड वाढलीच, असेही नोंदवले आहे. बिचाऱ्या ब्रॅडलॉंच्या पदरी हे यश पडले.

पारशांचा विभाग हा ब्रुकवुडचा आपल्याला सर्वांत जवळचा कोपरा. दादाभाई नौरोजी आणि कामा कुटुंबातली मंडळी यांनी १८६१मध्ये लंडनमधल्या जरथुश्त्री लोकांची संस्था स्थापन केली. परदेशात मेलेल्या पारशाचे काय करायचे, हा तिच्यापुढचा पहिल्याच वर्षातला व्यावहारिक प्रश्न. इंग्लंडात दखमा, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवायचा मनोरा, बांधणे शक्य नव्हते. पुढल्या वर्षी ब्रुकवुडमध्ये जागा घेऊन तिथे आरामगाह, म्हणजे दफनाची जागा, केली. सर्वांना जागा, ज्याचा त्याचा स्वतंत्र तुकडा आणि ज्याचे त्याचे विधी, ही कंपनीची व्यापारी सोय इथे एका लहान समाजाच्या उपयोगी पडली.

मुंबईचे गिरणीमालक नवरोसजी नसरवानजी वाडिया १८९९मध्ये गेले, त्यांची समाधी इथे आहे. त्यांच्या मुलांनी पुढे त्यांच्या नावे परळचे प्रसूतिगृह आणि पुण्याचे वाडिया महाविद्यालय काढले. पुण्यात त्या कॉलेजातून पिढ्या बाहेर पडल्या, पण नवरोसजींची समाधी सरेत आहे हे माहीत असणारा विरळा. जमशेटजी टाटांचा मृत्यू १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम इथे झाला, आणि त्यांना ब्रुकवुडला आणले गेले. त्या वेळी ना पोलादाचा कारखाना उभा होता ना बंगलोरची विज्ञानसंस्था. धाकटे पुत्र सर रतन टाटा १९१८मध्ये कॉर्नवॉलमध्ये गेले. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गांधींच्या लढ्याला हात देणारे ते हेच. थोरल्या सर दोराबजींच्या पत्नी मेहरबाई १९३१मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये वारल्या. दोराबजींनी त्यांच्या नावे या रोगाच्या संशोधनासाठी न्यास केला, आपली बहुतेक सारी मालमत्ता दुसऱ्या न्यासाला दिली, आणि पुढच्या वर्षी पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला युरोपात आले असता जर्मनीत बाड किसिंगेनला मरण पावले. ते मेहरबाईंशेजारी आहेत. त्यांच्या न्यासातून १९४१मध्ये परळचे टाटा रुग्णालय उभे राहिले. महाराष्ट्रातल्या असंख्य कुटुंबांचा त्या रुग्णालयाशी संबंध येतो, आणि त्याची मुळे या आरामगाहीत आहेत असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच मातीत दोन मुंबईकर खासदारही आहेत. सर मंचरजी भावनगरी हे हुजूर पक्षाचे, साम्राज्याचे कट्टर अभिमानी. शापूरजी सकलातवाला हे जमशेटजींचे भाचे, बॅटरसीतून कम्युनिस्ट म्हणून निवडून आलेले. १९३६मध्ये सकलातवालांच्या अस्थी टाटांच्या समाधीजवळ ठेवल्या गेल्या. मामाने भांडवल उभे केले, भाच्याने त्याच्याविरुद्ध उभा जन्म काढला, आणि मुक्काम एका ठिकाणी.

मुस्लिम विभागाचे मूळ वोकिंगच्या शाहजहान मशिदीत आहे. ती १८८९मध्ये गॉटलीब लाइटनर या भाषापंडिताने भोपाळच्या बेगमेच्या देणगीतून बांधली. लाइटनर स्वतः ब्रुकवुडमध्येच आहेत. कुराणाचे इंग्रजी भाषांतर करणारे मार्माड्यूक पिक्थॉल आणि अब्दुल्ला युसूफ अली हे दोघेही इथेच आहेत. पिक्थॉल १९२०पासून काही वर्षे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते, आणि युसूफ अली मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेले. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या इस्पितळांत मरण पावलेल्या हिंदी मुसलमान शिपायांसाठी वोकिंगजवळ हॉर्सेल माळावर कमानीदार भिंतींची वेगळी दफनभूमी केली होती. तिथे नासधूस होऊ लागल्याने १९६८च्या सुमारास ते सारे ब्रुकवुडच्या लष्करी विभागात हलवले. हा लष्करी विभाग १९१७चा. पाच हजारांहून अधिक कबरी, ब्रिटनमधला राष्ट्रकुलाचा सर्वांत मोठा, आणि कमालीचा नेटका. शेजारी अमेरिकन सैनिकांचा विभाग आहे.

१६ एप्रिल १९४१च्या रात्री जर्मन बॉम्बफेकीत वॉटर्लूजवळचे कंपनीचे स्थानक आणि गाडीचे डबे जळाले. लोक आता मोटारीने येत होते, त्यामुळे गाडी पुन्हा सुरू करण्यात अर्थ नव्हता. वेस्टमिन्स्टर ब्रिज रोडवरची कंपनीची दर्शनी इमारत तेवढी वाचली, ती आजही उभी आहे.

त्यापुढची चाळीस वर्षे उतरणीची. दफनभूमीपेक्षा जमिनीच्या किमतीत रस असलेले मालक आले. चॅपेलांची छपरे गळू लागली, वाटांवर झुडपे माजली. या काळात ज्या विभागांची निगा नीट राहिली ते प्रामुख्याने स्वतःचा समाज पाठीशी असलेले होते. पारशांचा, लष्कराचा, अमेरिकनांचा. १९८०च्या दशकात मालकी एका तुर्की सायप्रियट कुटुंबाकडे आली आणि थोडी हालचाल सुरू झाली. जुन्या दक्षिण स्थानकाजवळची अँग्लिकन चॅपेले ऑर्थोडॉक्स साधूंनी घेतली आणि तिथे दहाव्या शतकात मारल्या गेलेल्या एडवर्ड राजाच्या अस्थी ठेवल्या. या अस्थींच्या मालकीवरून दोन दावेदार भावांत कज्जा चालू असताना त्यांना काही काळ बँकेच्या तिजोरीत राहावे लागले होते. १९९२मध्ये ब्रुकवुड सिमेटरी सोसायटी निघाली. नोंदी, फेरफटके, डागडुजी यांत तिचा वाटा मोठा आहे. अखेर डिसेंबर २०१४मध्ये वोकिंग नगरपरिषदेने दफनभूमी विकत घेतली. ऐतिहासिक उद्यानांच्या राष्ट्रीय यादीत तिला पहिली श्रेणी आहे, आणि एकूण दफने दोन लाख पस्तीस हजारांच्या घरात आहेत.

कंपनीने केलेला व्यापाराचा हिशेब चुकला, तिची गाडी गेली, तिच्या जमिनीचा मोठा भाग विकला गेला. प्रत्येकाला स्वतंत्र जागा आणि प्रत्येक पंथाला स्वतःचा तुकडा, हे दोन नियम मात्र मुळातच बरोबर होते, आणि संस्था तगली ती त्यांच्या बळावर, असे माझे मत आहे.

लंडनला जाणाऱ्या मराठी मंडळींनी राजवाडा आणि मेणाचे पुतळे पाहून झाल्यावर अर्धा दिवस राखून ठेवावा. वॉटर्लूहून ब्रुकवुडला नेहमीच्या गाड्या आहेत, चाळीसएक मिनिटे लागतात. स्थानकाच्या दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडले की समोरच दफनभूमी सुरू होते. पारशांच्या विभागाची वाट आधी विचारून घ्यावी, कारण आवार फार मोठे आहे, आणि पायात चालायचे बूट असावेत.